जंतू मेले, याचा पुरावा काय?

चंडीगडच्या सेक्टर ३९ मध्ये सूक्ष्मजीवांशी दोन उलट दिशांचे व्यवहार रोज चालतात. तिथल्या जलकेंद्रात कालव्याचे पाणी येते आणि शहराच्या नळांना सुटण्यापूर्वी त्यातले जंतू मारले जातात. त्याच सेक्टरात ‘इमटेक’ ही सीएसआयआरची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या ‘एमटीसीसी’ संग्रहात जिवाणू, बुरशी आणि यीस्ट यांचे हजारो वाण जिवंत राखले जातात. काही वाण गोठवून वाळवलेल्या पुडीच्या रूपात काचेच्या हवाबंद कुपीत राहतात, तर काही द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत. २००२ पासून हा संग्रह पेटंटविषयक बुडापेस्ट कराराखालचे आंतरराष्ट्रीय ठेव केंद्र आहे. कुपी फोडून पूड योग्य खाद्यात कालवली, की वर्षानुवर्षे निपचित पडलेले जिवाणू पुन्हा वाढू लागतात.

सूक्ष्मजीवांच्या बंदोबस्तातला पहिला भेद इथेच दिसतो. गोठवणे आणि वाळवणे या उपायांनी अन्न टिकते, पण त्यातले सगळे जंतू मरत नाहीत. बरेचसे नुसते थांबतात. लोणच्यातले मीठ आणि मोरंब्यातली साखरही पाणी ओढून घेऊन त्यांची वाढ रोखतात. दुसरा प्रकार संख्या कमी करण्याचा: पाण्यात क्लोरीन घालणे, फरशी जंतुनाशकाने पुसणे, हातांना अल्कोहोल चोळणे. याला डिसइन्फेक्शन म्हणतात. रोगकारक जंतू धोक्याच्या पातळीखाली आले की त्याचे काम झाले. तिसरा प्रकार स्टरिलायझेशनचा. त्यात वस्तूवर जिवंत असे काहीही उरता कामा नये, अगदी बीजाणू, म्हणजे काही जिवाणूंचे चिवट सुप्त रूपसुद्धा.

तिन्ही प्रकारांत एक अडचण सारखीच आहे. जंतू दिसत नाहीत, तसे ते मेलेलेही दिसत नाहीत. स्वच्छ दिसणारे पाणी, चकचकीत चिमटा, फिनेलचा वास येणारी फरशी यांतले काहीही पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून या शास्त्राची निम्मी बुद्धी मारण्यात आणि निम्मी पुरावा गोळा करण्यात खर्च झाली आहे. चंडीगड आणि आसपासच्या पंचवीस-तीस किलोमीटरच्या टापूत यातल्या जवळजवळ सगळ्या पद्धती चालू स्थितीत सापडतात.

मरणाचे गणित

सूक्ष्मजीवाच्या बाबतीत मृत्यूची व्याख्या व्यवहारी आहे: पोषक खाद्य, योग्य तापमान आणि पुरेसा वेळ देऊनही जो वाढत नाही, तो मेला. प्रयोगशाळेतली पेट्री डिश हे त्याचे न्यायालय. पण काही जिवाणू जबर मार बसल्यावर काही काळ वाढत नाहीत आणि नंतर सावरतात. म्हणून उपचारानंतर लगेच निकाल न देता नमुना काही दिवस उबेत ठेवून पाहिला जातो.

जंतू एका क्षणी सगळे मरत नाहीत. ठरावीक तापमानाला ठरावीक वेळात दहांतले नऊ मरतात. तेवढ्याच वेळात उरलेल्यांतले दहांतले नऊ. सुरुवातीला दहा लाख बीजाणू आहेत आणि प्रत्येक टप्प्याला दोन मिनिटे लागतात असे धरले, तर बारा मिनिटांनी एक उरेल. आणखी बारा मिनिटे दिली तर एखादा बीजाणू जिवंत सापडण्याची शक्यता दहा लाखांत एक एवढी राहील. शून्य हा आकडा या गणितात येतच नाही. शस्त्रक्रियेचे साहित्य किंवा इंजेक्शन ‘स्टराइल’ आहे असे म्हणतात, तेव्हा जगभर मान्य असलेला अर्थ हाच: एखादा नग दूषित असण्याची शक्यता दहा लाखांत एकाहून जास्त नाही.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. सुरुवातीची संख्या जितकी कमी, तितके काम सोपे. म्हणून आधी धुणे आणि मग मारणे हा क्रम कुठेही चुकवता येत नाही. आणि वेळ हा औषधाइतकाच महत्त्वाचा. जंतुनाशक शिंपडून लगेच पुसून घेतले तर फरशीला फक्त वास लागतो.

चिवटपणातही उतरंड आहे. करोना किंवा फ्लूसारखे मेदाचे आवरण असलेले विषाणू सर्वांत लेचेपेचे. साबणाने त्यांचे आवरण विरघळते. त्यांच्या वर नेहमीचे जिवाणू आणि बुरशी, मग पोलिओसारखे बिनआवरणाचे विषाणू, त्याच्या वर मेणचट भिंतीचा क्षयाचा जिवाणू, आणि बरेच वर जिवाणूंचे बीजाणू. धनुर्वाताचा बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतो आणि उकळत्या पाण्यातूनही वाचू शकतो. सगळ्यांच्या वर प्रायॉन ही विकृत प्रथिने. त्यांना जीव म्हणता येत नाही आणि नेहमीच्या उपायांनी ती नष्टही होत नाहीत. कोणती पद्धत वापरायची, हे या उतरंडीवर आणि वस्तू शरीरात कुठपर्यंत जाणार यावर ठरते. अमेरिकेतले अर्ल स्पॉल्डिंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात घालून दिलेली वर्गवारी आजही रुग्णालये पाळतात. ऊतींत किंवा रक्तात शिरणारी वस्तू पूर्ण निर्जंतुक हवी. एंडोस्कोपसारखी, श्लेष्मल त्वचेला लागणारी वस्तू उच्च दर्जाच्या डिसइन्फेक्शनमधून गेलेली हवी. बीपीचा पट्टा किंवा खाटेचा कठडा साध्या जंतुनाशकाने पुसला तरी पुरतो.

कालव्यापासून नळापर्यंत

चंडीगडला मोठी नदी नाही. सुखना तलाव १९५८ साली एका ओढ्याला बांध घालून तयार केलेला आहे. शहराचे बहुतेक पिण्याचे पाणी पंजाबातील काजौली येथे भाक्रा मुख्य कालव्यातून उचलले जाते आणि मोठ्या जलवाहिन्यांतून सेक्टर ३९ च्या जलकेंद्रात येते. त्याला नलिकाविहिरींची जोड आहे. कालव्याचे पाणी गढूळ असते, आणि पावसाळ्यात त्यात गाळ फार वाढतो.

क्लोरीनची पाळी शेवटी येते. गढूळ पाण्यात क्लोरीन ओतला तर तो गाळातल्या सेंद्रिय पदार्थांवर खर्च होतो, आणि मातीच्या कणाआड दडलेला जिवाणू वाचतो. म्हणून आधी तुरटी. तिने बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात, तळाशी बसतात आणि सोबत पुष्कळ जंतूही खाली नेतात. मग वाळूचे थर. एवढ्यानेच जंतूंची संख्या बरीच घटते, आणि क्लोरीनसाठी उरते ते आवाक्यातले काम.

पाण्यात क्लोरीन मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होते. त्याच्यावर विद्युतभार नसल्यामुळे ते जिवाणूच्या आवरणातून सहज आत शिरते आणि आतली विकरे जाळून टाकते. पाणी अल्कधर्मी असेल तर याच आम्लाचे भारित रूप वाढते आणि त्याची मारकशक्ती बरीच घटते. म्हणून जलकेंद्रात क्लोरीनच्या मात्रेबरोबर सामूही तपासतात. संपर्कासाठी निदान अर्धा तास द्यावा लागतो. त्यानंतर पाण्यात थोडा क्लोरीन उरलाच पाहिजे. भारतीय मानकानुसार तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा.

हा उरलेला क्लोरीन म्हणजे पाण्याच्या बाबतीतला पुरावा. जलकेंद्रात तो भरपूर असून भागत नाही, शेवटच्या घराच्या नळाला मिळावा लागतो. वाटेत जलवाहिनी फुटून सांडपाणी शिरले असेल तर क्लोरीन त्याच्यावर खर्च होतो आणि नळाच्या पाण्यातून नाहीसा होतो. परीक्षानळीत नळाचे पाणी घेऊन त्यात रसायनाचे थेंब टाकायचे. रंग आला तर क्लोरीन आहे, न आला तर वाटेत कुठेतरी गडबड आहे. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जलसुरक्षकांना हीच तपासणी ‘ओटी टेस्ट’ म्हणून माहीत आहे, आणि क्लोरीनचा स्रोत म्हणजे ग्रामपंचायतीतली टीसीएल पावडर. ताज्या पावडरीत क्लोरीन तेहतीस टक्क्यांच्या आसपास असतो. पोते उघडे राहिले, दमट जागी पडले, तर तो उडून जातो. मग मापाप्रमाणे पावडर टाकूनही पाण्यात काही उरत नाही.

पाणी ठरावीक तासच सोडले जाते तिथे आणखी एक धोका असतो. पुरवठा बंद झाला की जलवाहिनीतला दाब पडतो आणि भेगांमधून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाते. चोवीस तास पाणी देण्यामागचे आरोग्याचे कारण हेच आहे. चंडीगडमधल्या मनीमाजरा येथील अशा योजनेचे उद्घाटन ऑगस्ट २०२४ मध्ये झाले.

क्लोरीनची मर्यादा उत्तर भारताने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. १९५५ च्या अखेरीस यमुनेला पूर आला, प्रवाह बदलला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी दिल्लीच्या वझिराबाद केंद्राच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोचले. केंद्राने क्लोरीन वाढवला. विषमज्वर आणि आमांशाच्या साथी आल्या नाहीत, कारण ते जिवाणू मेले. पण काही आठवड्यांनी दिल्लीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे कित्येक वर्षांनी, जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून ती कावीळ आज ‘हिपॅटायटिस ई’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विषाणूची होती हे कळले. त्या तपासात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा वाटा होता. पाण्याची नेहमीची तपासणी कोलिफॉर्म जिवाणू मोजते. ते सापडले नाहीत म्हणजे विषाणूही नाहीत, असे गृहीत धरता येत नाही, हा धडा त्या साथीने दिला.

वाफ, हवा आणि कागदाची पट्टी

उष्णता हा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा उपाय. मोहालीच्या वेरका डेअरीसारख्या प्रकल्पांत दूध ७२ अंशांना पंधरा सेकंद तापवून लगेच थंड केले जाते. पाश्चरायझेशनने दूध निर्जंतुक होत नाही. क्षय, ब्रुसेलोसिस, क्यू फीव्हर यांचे जंतू मरतात, आणि आंबवणारे काही उरतात. त्याचा पुरावा दुधातच असतो. कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचे विकर असते आणि ते या जंतूंपेक्षा किंचित जास्त उष्णता सोसते. तापवलेल्या दुधात ते सापडले नाही, तर जंतूही मेले असे धरता येते. सापडले, तर एक तर तापमान कमी पडले किंवा कच्चे दूध मिसळले गेले.

रुग्णालयात काम बीजाणूंशी असते. तिथे ऑटोक्लेव्ह लागतो. त्याचे तत्त्व स्वयंपाकघरातल्या कुकरचेच: दाब वाढवला की पाणी १०० अंशांच्या वर उकळते आणि वाफ जास्त गरम होते. १२१ अंशांना पंधरा मिनिटे किंवा १३४ अंशांना तीन मिनिटे, हे नेहमीचे हिशेब. कोरड्या हवेच्या भट्टीत हेच काम करायला १६० अंश आणि दोन तास लागतात. वाफ थंड वस्तूवर पाणी होऊन बसताना आपली सुप्त उष्णता तिला देते, आणि ओलाव्यात प्रथिने लवकर साकळतात. म्हणून ऑटोक्लेव्हचा खरा शत्रू आत अडकलेली हवा. कपड्याच्या गाठोड्याच्या मध्यभागी हवेचा कप्पा राहिला, तर बाहेरचा काटा १३४ दाखवतो आणि आत वाफ पोचलेलीच नसते.

चंडीगडच्या पीजीआयसारख्या मोठ्या रुग्णालयात अशी यंत्रे असतात ती एका स्वतंत्र विभागात, ज्याला सगळे सीएसएसडी म्हणतात. अशा विभागाची रचना एकाच दिशेने चालते. एका दाराने शस्त्रक्रियेतले वापरलेले साहित्य येते. आधी रक्त धुतले जाते, कारण वाळलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली वाफ नीट पोचत नाही. कात्री-चिमट्यांचे सांधे उघडे ठेवून ते जाळीच्या तबकात मांडतात, नळ्यांच्या आतून ब्रश फिरवतात. मग पुडके बांधायचे. त्यावर चिकटवलेल्या टेपवर फिकट तिरप्या रेघा असतात. ऑटोक्लेव्हमधून निघाल्यावर त्या काळ्या पडतात. शस्त्रक्रियागृहातल्या सिस्टरच्या हाती पुडके येते तेव्हा ती आधी या रेघा पाहते.

पण काळी रेघ एवढेच सांगते की पुडके उष्णतेतून गेले. म्हणून पुराव्याचे आणखी थर असतात. दिवसाच्या सुरुवातीला रिकाम्या यंत्रात बोवी-डिक चाचणी होते. कपड्यांच्या घडीत ठेवलेल्या कागदावरची नक्षी सर्वत्र सारखी काळी झाली तर हवा पूर्ण निघाली; मध्यभागी फिकट डाग राहिला तर यंत्र त्या दिवशी वापरायचे नाही. शेवटचा साक्षीदार जिवंत असतो. ‘जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस’ या उष्णताप्रेमी जिवाणूचे लाखभर किंवा दहा लाख बीजाणू असलेली पट्टी सर्वांत अवघड जागी ठेवतात. वाफ दिल्यानंतर ती खाद्यात टाकून ५५ ते ६० अंशांच्या उबेत ठेवली जाते. सोबत वाफ न दिलेली दुसरी पट्टीही ठेवायची. दुसरीतला द्रव रंग बदलतो आणि पहिलीतला तसाच राहतो, तेव्हाच निकाल ग्राह्य. दुसरीतही काही उगवले नाही, तर पट्टीच मेलेली होती आणि साक्ष बाद.

वाफ न सोसणाऱ्या वस्तूंसाठी वेगळे मार्ग आहेत. प्लास्टिकचे कॅथेटर एथिलीन ऑक्साइड वायूत ठेवतात. हा वायू बीजाणूंच्या डीएनएलाच जखडतो, पण तो स्फोटक आणि कर्करोगकारक आहे, म्हणून नंतर वस्तू कित्येक तास हवेत मोकळी ठेवावी लागते. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या प्लाझ्माने हे काम तासाभरात होते आणि मागे पाणी व ऑक्सिजनच उरतो; मात्र त्यात कापूस आणि कागद चालत नाहीत. एंडोस्कोप दोन टक्के ग्लुटारल्डिहाइडमध्ये वीस मिनिटे बुडवले तर बीजाणू सोडून बाकीचे मरतात. बीजाणूंसाठी आठ-दहा तास लागतात.

मलकोवालची बाटली

पुराव्याचा प्रश्न किती जिवावर बेतू शकतो, हे मुंबई आणि पंजाब यांना जोडणाऱ्या एका प्रकरणात दिसले. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली. प्लेगचे जिवाणू वाढवायचे, मग उष्णतेने मारायचे आणि टिकण्यासाठी कार्बोलिक आम्ल घालायचे, अशी तिची कृती होती. परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाई. मागणी वाढली तेव्हा हाफकिन यांनी पद्धत बदलून कार्बोलिक आम्ल वगळले आणि भिस्त उष्णतेवर ठेवली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांतल्या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. चौकशी आयोगाने बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळमध्येच, दूषित झाली असा निष्कर्ष काढला. कार्बोलिक वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांचे पद गेले.

पुढे कागद तपासले गेले तेव्हा वेगळे चित्र दिसले. गावात ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरायला हवा होता. तसे न करता कार्बोलिकच्या द्रावणात फिरवून त्यानेच बूच काढले गेले. कार्बोलिक बीजाणूंना झटपट मारत नाही, हे रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्येच दाखवले होते. शिवाय धनुर्वाताचे जिवाणू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत असते तर उघडताना दुर्गंधी आली असती, आणि ती आली नव्हती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ‘टाइम्स’मधून हे मांडले आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले. आज प्रत्येक खेपेचा नमुना, तारीख, यंत्राचा आलेख आणि बीजाणूपट्टीचा निकाल एकत्र जपला जातो, तो अशाच अनुभवांतून.

हात, फरशी आणि एक यीस्ट

एप्रिल १९९६ ते फेब्रुवारी १९९८ या २३ महिन्यांत पीजीआयच्या बालरोग विभागात ३७९ नवजात आणि लहान मुलांना ‘पिकिया अनोमाला’ या यीस्टचा संसर्ग झाला. एरवी हे यीस्ट आंबवण्याच्या उद्योगात आणि नासलेल्या अन्नात भेटते. संस्थेच्याच डॉक्टरांनी माग काढून तो प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्यांच्या हातांवर हे यीस्ट सापडले. हात धुण्याची मोहीम घेतल्यानंतर, आणि अपुऱ्या दिवसांच्या व जोखमीच्या बाळांना बुरशीविरोधी औषध आधीच द्यायला लागल्यानंतर साथ आटोक्यात आली.

हातांवरचे जंतू दोन थरांत असतात. कायमचे रहिवासी त्वचेच्या खाचांत राहतात आणि सहसा त्रास देत नाहीत. वाटेत चिकटलेले पाहुणे वरच्या थरात असतात; रुग्णालयातला संसर्ग बहुतांशी यांचा, आणि यांना काढणे सोपे. अल्कोहोल इथे उत्तम, पण सत्तर-ऐंशी टक्क्यांचे. शुद्ध अल्कोहोल कमी मारते, कारण प्रथिने साकळायला पाणी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हँडरबच्या पाककृतीत थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड असते, तेही हातांसाठी नव्हे, तर बाटलीतच शिरलेले बीजाणू मारण्यासाठी. अल्कोहोल बीजाणूंना काही करत नाही. म्हणून ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल’ची हगवण असलेल्या रुग्णाजवळून आल्यावर साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात.

फरशी, खाटा, दाराच्या मुठी यांचा हिशेब वेगळा. रक्त सांडले तर आधी शोषक कागदाने टिपायचे, मग सोडियम हायपोक्लोराइट ओतून दहा-वीस मिनिटे थांबायचे आणि मगच पुसायचे. हे द्रावण ऊन आणि उष्णतेने लवकर मरते. चंडीगडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खिडकीत ठेवलेल्या कालच्या बादलीत जोर उरत नाही. द्रावण रोज ताजे करावे लागते. वॉर्ड पुसताना एकच फडके सगळ्या खाटांवर फिरले, तर जंतू मरण्याऐवजी खाटेखाटेला वाटले जातात.

कोणते रसायन, हाही प्रश्न आहे. ‘कँडिडा ऑरिस’ हे २००९ मध्ये जपानमध्ये प्रथम वर्णन केलेले यीस्ट आता भारतातल्या अतिदक्षता विभागांत चिंतेचा विषय आहे. ते कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे टिकते, आणि फरशीच्या सुगंधी द्रावणांत नेहमी असणारी चतुर्थक अमोनियम संयुगे त्याच्यावर भरवशाची नाहीत. क्लोरीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड लागते. पातळ केलेल्या अमोनियम संयुगात स्यूडोमोनससारखे काही जिवाणू चक्क वाढतातही. मग जंतुनाशकाची बाटली हेच संसर्गाचे ठिकाण होते. नळाच्या आत आणि कॅथेटरवर जिवाणू चिकट थर तयार करून राहतात. त्या थरात त्यांना मारायला कितीतरी जास्त मात्रा लागते. घासणे हा उपाय म्हणूनच कुठल्याही बाटलीने बाद होत नाही.

हवेतला बंदोबस्त

हवेतले जंतू मारण्यासाठी शस्त्रक्रियागृहे वर्षानुवर्षे फॉर्मॅलिनचा धूर देत आली. पोटॅशियम परमँगनेटवर फॉर्मॅलिन ओतून खोली रात्रभर बंद ठेवायची, हा प्रघात होता. फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक ठरल्यावर तो मागे पडू लागला आणि त्याची जागा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या धुक्याने घेतली. पण माणसे खोलीत शिरली की हवा पुन्हा दूषित होते. खरा आधार हवा सतत बदलण्याचा आणि हेपा फिल्टरचा. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. त्याहून मोठे कण तंतूंवर आदळतात आणि त्याहून लहान कण भरकटून तंतूंना चिकटतात. अडवायला सर्वांत अवघड आकार हाच, म्हणून चाचणीही याच आकारावर.

२०२० मध्ये करोनाच्या भीतीने देशभर माणसांवरच हायपोक्लोराइट फवारले जाऊ लागले. १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते थांबवायला सांगितले: कपड्यांवर फवारल्याने शरीरातला विषाणू मरत नाही, डोळे, त्वचा आणि श्वसनमार्गाला मात्र इजा होते. त्याच सुमारास चंडीगडच्या सेक्टर ३० मधील ‘सीएसआयओ’ या वैज्ञानिक उपकरण संस्थेने विद्युतभारित फवाऱ्याचे यंत्र पुढे आणले. त्यातून दहा-वीस मायक्रॉनचे भारित थेंब निघतात. ते एकमेकांना दूर ढकलत पसरतात आणि वस्तूकडे ओढले जाऊन तिच्या मागच्या बाजूलाही बसतात, त्यामुळे द्रावण कमी लागते. उत्पादनासाठी हे तंत्र नागपूरच्या एका कंपनीला दिले गेले.

याच संस्थेने वातानुकूलनाच्या नळात बसणारी यूव्ही-सी यंत्रणा तयार केली आणि २०२१ मध्ये ती संसद भवनातल्या मध्यवर्ती सभागृहात आणि लोकसभेच्या सभागृहात बसली. पाऱ्याच्या दिव्यातला २५४ नॅनोमीटरचा किरण जंतूच्या डीएनए किंवा आरएनएमधल्या शेजारच्या घटकांना एकमेकांशी जोडून टाकतो. मग त्याची नक्कल निघत नाही. पण हा किरण सावलीत पोचत नाही, धुळीच्या थराने अडतो आणि अंतर वाढले की झपाट्याने क्षीण होतो. निळसर उजेड दिसतो म्हणून काम होते आहे असे नाही. हवा किती वेगाने जाते आणि किरणांपुढे किती वेळ राहते, यावर मात्रा ठरते. बंद नळात हे दोन्ही मोजता येते, आणि माणसांच्या डोळ्यांना व त्वचेला धोकाही राहत नाही. उघड्या खोलीत टांगलेल्या दिव्याला हे दोन्ही फायदे नाहीत.

गाळणे आणि किरण

चंडीगडपासून जवळ, हिमाचलच्या पायथ्याला बद्दी-नालागड हा औषधनिर्मितीचा पट्टा आहे. उष्णतेने बिघडणारी इंजेक्शने ०.२२ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळली जातात. पडदा खरा आहे का, हे ‘ब्रेव्हंडिमोनास डिमिन्यूटा’ या अतिशय लहान जिवाणूने तपासतात: पडद्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला किमान एक कोटी जिवाणू, आणि पलीकडे एकही नको. विषाणू मात्र या छिद्रांतून जाऊ शकतात. तयार खेपेतले नमुने खाद्यात टाकून चौदा दिवस पाहतात. शिवाय औषधाऐवजी नुसते खाद्य भरून संपूर्ण भरणाविधीची रंगीत तालीम केली जाते. त्यातल्या बाटल्या गढूळ झाल्या, तर चूक माणसांच्या हालचालीत किंवा हवेत आहे.

सिरिंज, टाके घालायचे धागे, हातमोजे यांच्यासाठी गामा किरण सोयीचे. मुंबईत तुर्भे येथे १९७४ पासून चालणारा ‘आयसोमेड’ प्रकल्प कोबाल्ट-६० वापरतो. माल खोक्यात बंद असतानाच २५ किलोग्रे मात्रा दिली जाते, त्यामुळे नंतर कुणाचा हात लागत नाही. पुरावा म्हणजे खोक्यांबरोबर फिरलेला मात्रामापक. तोच किरण लासलगावच्या केंद्रात २००३ पासून कांद्याला देतात, पण ०.२ किलोग्रेच्या आत. त्याने कांद्याचा कोंब थांबतो, जंतू मरत नाहीत. वाशीच्या प्रकल्पात मसाल्यांना यांच्या मधली, काही किलोग्रेंची मात्रा मिळते. तिने जंतू पुष्कळ घटतात आणि वास टिकतो.

शेवटची पिशवी

वापरून झालेल्या जंतूंचाही बंदोबस्त लागतो. मार्च २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रुग्णालयातला कचरा चार रंगांत विभागला जातो. पिवळ्यात शरीराचे भाग, रक्ताने माखलेला कापूस आणि प्रयोगशाळेतले कल्चर, लालमध्ये नळ्या, पिशव्या, हातमोजे असे प्लास्टिक, पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच. पेट्री डिश आणि रक्तपिशव्या जागेवरच निर्जंतुक करून मगच बाहेर द्यायच्या, कारण प्रयोगशाळेच्या एका शेल्फवर अफाट संख्येने जिवंत जंतू असू शकतात.

पिवळी पिशवी सामायिक केंद्राच्या भट्टीत जाते. पहिल्या कक्षात ८०० अंश, आणि निघालेला वायू दुसऱ्या कक्षात १०५० अंशांच्या आसपास निदान दोन सेकंद राहायला हवा. जंतू पहिल्याच कक्षात मरतात. दुसरा कक्ष धुरातल्या विषारी संयुगांसाठी असतो. क्लोरीनयुक्त प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे तीही यासाठीच, कारण त्या जळताना डायॉक्सिन तयार होते. लाल पिशवीतले प्लास्टिक ऑटोक्लेव्ह करून त्याचे तुकडे करतात, म्हणजे सिरिंज धुऊन पुन्हा बाजारात येणार नाही. केंद्रातल्या ऑटोक्लेव्हचीही जिओबॅसिलसच्या बीजाणूंनी नियमित परीक्षा घ्यावी लागते. तापमान, दाब आणि वेळ यांच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. एखाद्या खेपेची नोंद अपुरी निघाली, तर ती पुन्हा वाफेतून काढली जाते.